पाण्याची मोटर, पेंटियमचा भागाकार आणि 'कॅव्ह' नावाची परिषद

गेल्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीची पाण्याची मोटर जळली. चारच महिन्यांपूर्वी तिला ऑटोमॅटिक कंट्रोलर बसवला होता, त्यामुळे ती जळणं शक्यच नाही यावर कमिटीचं एकमत होतं. वरची टाकी रिकामी झाली की मोटर आपोआप चालू, भरली की आपोआप बंद. खालच्या टाकीतही सेन्सर होता. तिथे पाणी नसेल तर मोटर लागायचीच नाही. बसवणाऱ्याने हे सगळं आमच्यासमोर करून दाखवलं होतं. वरची टाकी रिकामी केली, मोटर लागली. भरली, बंद झाली. खालची टाकी उपसून पाहिलं, मोटर हलली नाही. चहा झाला, चेक दिला.

इलेक्ट्रिशियनने काळं पडलेलं वाइंडिंग हातात धरलं आणि म्हणाला, "ड्राय रन झालीये काका. कोरडी फिरलीये."

म्हणजे जे होऊच शकत नाही म्हणून दाखवलं होतं, नेमकं तेच झालं होतं. आणि बसवणारा खोटं बोलला नव्हता. त्याने दाखवलेली प्रत्येक गोष्ट खरी होती. फक्त एक गोष्ट त्याने दाखवली नव्हती, आणि ती शोधायला मला एका संध्याकाळी वही-पेन घेऊन बसावं लागलं.

असं वही-पेन घेऊन बसायचं काम यंत्राकडून कसं करून घ्यायचं, याच विषयाची एक परिषद दरवर्षी भरते. नाव 'कॉम्प्युटर एडेड व्हेरिफिकेशन'. आद्याक्षरं जोडून सगळे तिला 'कॅव्ह' म्हणतात. २०२३ मध्ये ती पॅरिसला होती, २०२४ मध्ये मॉन्ट्रियलला, २०२५ मध्ये झाग्रेबला. चिप असो की सॉफ्टवेअर, ते बरोबर चालेल हे गणिती पद्धतीने सिद्ध कसं करायचं, एवढाच तिचा विषय. तिथला एखादा पेपर उघडला तर पहिल्या पानावरच ग्रीक अक्षरांची रांग लागते आणि माणूस तिथूनच परत फिरतो. म्हणून आधी मोटरकडेच जाऊ.

बारा चौकोन आणि बाण

मोटरची सगळी गोष्ट तीन बाबींत मावते. वरची टाकी रिकामी, अर्धी किंवा भरलेली. खालच्या टाकीत पाणी आहे किंवा ती कोरडी आहे. मोटर चालू किंवा बंद. तीन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे १२ शक्यता. अशा प्रत्येक शक्यतेला या क्षेत्रात 'स्टेट' म्हणतात. आपण 'अवस्था' म्हणू. वहीवर १२ चौकोन काढायचे आणि कुठून कुठे जाता येतं त्याचे बाण काढायचे. लोक पाणी वापरतात तेव्हा वरची पातळी एक पायरी खाली येते. मोटर चालू असेल आणि खाली पाणी असेल तर ती एक पायरी वर जाते. खालची टाकी केव्हाही कोरडी पडू शकते आणि तिच्यात केव्हाही पाणी येऊ शकतं, कारण तो नळ पालिकेच्या हातात. राहिली कंट्रोलरची अक्कल. ती दोन ओळींची होती:

मोटर बंद, वर रिकामी, खाली पाणी आहे: चालू कर.
मोटर चालू, वर भरली: बंद कर.

बाकी कुठल्याही वेळी जे चाललंय ते चालू दे.

आता नियम लिहायचा: खालची टाकी कोरडी असताना मोटर चालू नसावी. आणि मग सुरुवातीच्या चौकोनापासून निघून, प्रत्येक फाट्यावर प्रत्येक बाणाने, जिथवर पोचता येतं तिथवर जाऊन बघायचं की नियम कुठे मोडतो का. मला तिसऱ्याच चौकोनात सापडलं.

रिकामी, पाणी, बंद. मग रिकामी, पाणी, चालू. मग अर्धी, कोरडी, चालू.

मोटर लागली तेव्हा खाली पाणी होतं. ती चालू असताना ते संपलं. कंट्रोलर खालचा सेन्सर बघत होता तो फक्त मोटर लावताना. एकदा लावली की त्याचे डोळे वर. आणि वरची टाकी अर्धीच, त्यामुळे 'भरली' म्हणून बंद करायचा प्रश्न नाही. आम्ही चाचणी घेतली ती खालची टाकी आधी उपसून. मोटर चालू असताना टाकी उपसायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

या तीन चौकोनांच्या साखळीला प्रतिउदाहरण म्हणतात. ही पद्धत कारखान्यांत आणि कंपन्यांत रुजली त्याचं बरंचसं श्रेय मी या प्रतिउदाहरणाला देईन. 'तुमचं चुकलंय' एवढंच सांगणारा साहेब कुणालाच नको असतो. 'या पायरीपर्यंत ठीक होतं, इथे घसरलं' असं सांगणाऱ्याचं ऐकावंसं वाटतं.

दुरुस्ती सोपी वाटते. तिसरी ओळ घाला: खाली कोरडी झाली, बंद कर. पुन्हा सगळे बाण फिरून आलो, तर नियम तरीही मोडतोच! कारण टाकी कोरडी झाल्यावरच सेन्सरला ते कळणार, म्हणजे निदान एका पावलापुरती मोटर कोरडी फिरणारच. असा काटेकोरपणा डोक्यात जातो, पण चूक त्याची नसते. नियमच नीट लिहावा लागतो: खाली कोरडी झाली तर पुढच्याच पावलाला मोटर बंद झालेली असावी. सेन्सर तळापासून वीतभर वर लावला तर तेवढं एक पाऊल परवडतं. हे आमच्या प्लंबरला कुठलीही परिषद न करता माहीत होतं.

पण नुसतं 'वाईट घडू नये' एवढंच मागितलं, तर जगातला सर्वांत सुरक्षित कंट्रोलर म्हणजे मोटर कधीच न लावणारा. म्हणून चांगलं काहीतरी घडावं, हेही मागावं लागतं: वरची टाकी रिकामी झाली की कधी ना कधी मोटर लागेलच. पहिल्या प्रकारच्या नियमाला 'सेफ्टी' म्हणतात, दुसऱ्याला 'लाइव्हनेस'. हा दुसरा नियम तपासायला घेतला आणि लगेच प्रतिउदाहरण हजर: रिकामी, कोरडी, बंद, पुन्हा तेच, पुन्हा तेच, अनंत काळ तेच. पालिकेने पाणी सोडलंच नाही. गणिताच्या दृष्टीने ही शक्यता पूर्ण कायदेशीर आहे, आणि मे महिन्यात आमच्या भागातल्या लोकांनाही ती तशीच वाटते.

यातून सुटायचं तर एक गृहीतक लिहून द्यावं लागतं: खालच्या टाकीत पाणी पुन्हा पुन्हा येत राहील. याला 'फेअरनेस' म्हणतात. ते लिहून दिलं की नियम सिद्ध होतो. मात्र सिद्ध काय झालं ते नीट वाचायचं: पालिका पाणी देत राहिली 'तर' मोटर लागेल. ह्या 'तर'कडे लक्ष ठेवा.

ग्रेनोबलची गोष्ट

वर मी नकळत तीन शब्द वापरले: 'कधीच नाही', 'पुढच्याच पावलाला', 'कधी ना कधी'. काळाबद्दलच्या या शब्दांना गणिती चिन्हं देऊन त्यांत प्रोग्रॅमबद्दलचे नियम लिहिता येतात, हे आमिर प्नुएली यांनी १९७७ मध्ये दाखवलं. हे टेम्पोरल लॉजिक. त्यासाठी त्यांना १९९६ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं, जे संगणकशास्त्रातलं नोबेल मानलं जातं. नियम लिहायची भाषा आली, पण ते तपासायचे कसे? सुरुवातीला माणूसच कागदावर सिद्धता लिहायचा. १९८१ मध्ये एडमंड क्लार्क आणि अ‍ॅलन इमर्सन यांनी अमेरिकेत, आणि १९८२ मध्ये जाँ-पिएर कै आणि जोसेफ सिफाकिस यांनी फ्रान्समध्ये स्वतंत्रपणे म्हटलं की अवस्था मोजक्या असतील तर सिद्धता कशाला लिहायची? सगळ्या अवस्था यंत्रालाच फिरून बघू द्या. मी वहीवर केलं तेच. याचं नाव मॉडेल चेकिंग. क्लार्क, इमर्सन आणि सिफाकिस यांना २००७ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं.

सिफाकिस ग्रेनोबलचे. १९८९ च्या जूनमध्ये तिथेच या विषयावर एक कार्यशाळा भरली. पुढच्या वर्षी ती अमेरिकेत न्यू जर्सीला गेली आणि तिला 'कॅव्ह' हे नाव मिळालं. तेव्हा या मंडळींकडे इतर संगणकवाले जरा दयेनेच बघायचे. बारा-पंधरा अवस्थांची खेळणी ठीक आहेत, खऱ्या चिपवर चालवून दाखवा, असं. ही नजर बदलायला दोन गोष्टी घडाव्या लागल्या. एक गणितात घडली, दुसरी बाजारात. बाजारातली आधी सांगतो, कारण ती जास्त रंजक आहे.

पाच रिकामी घरं

१९९४ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या लिंचबर्ग कॉलेजात थॉमस नाइसली नावाचे गणिताचे प्राध्यापक जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होते. जुळ्या म्हणजे ११ आणि १३ सारख्या, दोनच्या अंतराने येणाऱ्या मूळ संख्या. आकडे जुळेनात. आपल्या प्रोग्रॅमवर, मग कंपायलरवर (लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत आणणाऱ्या प्रोग्रॅमवर), मग मदरबोर्डवर संशय घेत घेत ते अखेर चिपवर पोचले. इंटेलचा नवाकोरा पेंटियम काही भागाकार चुकत होता.

सर्वांत गाजलेलं उदाहरण असं. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागा. उत्तर १.३३३८२०४ येतं. तो पेंटियम सांगायचा १.३३३७३९०. चौथ्या दशांशस्थळालाच घोळ. शाळकरी पोरालाही पडताळा येतो: भागाकाराला भाजकाने गुणून मूळ आकड्यातून वजा करा, शून्य यायला हवं. पेंटियमवर २५६ यायचे.

चूक कुठे होती? आपण मोठा भागाकार करतो तेव्हा दर पायरीला 'भाग कितीचा जाईल' याचा अंदाज करतो. पाढे पाठ असले की अंदाज पटकन बसतो. पेंटियमही तसंच करत होता, फक्त पाढ्यांऐवजी त्याच्या पोटात एक तक्ता होता: उरलेली रक्कम साधारण इतकी, भाजक साधारण इतका, तर पुढचा अंक हा. तक्त्यात १,०६६ घरं भरायची होती. त्यातली ५ भरायची राहून गेली. तिथे २ च्या जागी शून्य राहिलं. या पाच घरांत गणित क्वचितच जायचं, म्हणून चाचण्यांत ते दिसलं नाही.

इंटेलचं सुरुवातीचं म्हणणं होतं की सामान्य माणसाला ही चूक २७,००० वर्षांतून एकदा भेटेल. आयबीएमने आपला हिशेब मांडला: २४ दिवसांतून एकदा. आणि पेंटियमवाल्या मशीनची विक्रीच थांबवली. डिसेंबर संपायच्या आत इंटेलने मागेल त्याला चिप बदलून द्यायचं कबूल केलं आणि त्यापोटी ४७.५ कोटी डॉलरचा खर्च हिशेबात धरला. पाच रिकाम्या घरांचे.

'चाचण्या जास्त घ्यायच्या होत्या' हे म्हणणं सोपं आहे. किती जास्त? भागाकार सोडा, ३२ बिटांच्या, म्हणजे ३२ शून्य-एकांत लिहिलेल्या, दोन संख्यांची साधी बेरीज करणारं सर्किट घ्या. सगळ्या जोड्या तपासायच्या तर त्या २ चा ६४ वा घात इतक्या होतात. सेकंदाला १०० कोटी जोड्या तपासल्या तरी सुमारे ५८५ वर्षं लागतील. आज संपवायचं असेल तर शिवरायांच्या जन्माच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधी सुरुवात करायला हवी होती. हे फक्त बेरजेचं, आणि तेही ३२ बिटांचं.

त्यामुळे १९९४ नंतर चिप कंपन्या 'कॅव्ह'च्या दारात आल्या. १९९६ च्या 'कॅव्ह'मध्ये पेंटियममधल्याच भागाकाराच्या पद्धतीची सिद्धता मांडणारा क्लार्क आणि सहकाऱ्यांचा पेपर होता. त्याच वर्षी पालो आल्टोला 'एफएमकॅड' ही हार्डवेअरकडे झुकलेली दुसरी परिषद सुरू झाली. आणि २००९ मध्ये, वीस वर्षांनी परत ग्रेनोबललाच भरलेल्या 'कॅव्ह'मध्ये इंटेलच्या लोकांनी सांगितलं की कोअर आय-सेव्हनच्या गणित करणाऱ्या मुख्य भागाच्या तपासणीत आता चाचण्यांची जागा सिद्धतेने घेतली आहे. ज्या कंपनीचं तोंड पोळलं तीच ताक फुंकून पिते, तसं.

अवस्थांचा पूर

आता गणितात घडलेलं. आमच्या एका इमारतीच्या अवस्था १२. दहा इमारतींचा संकुल घेतला, प्रत्येकीची टाकी-मोटर वेगळी, तर १२ चा १० वा घात, म्हणजे सुमारे ६,२०० कोटी. इमारती दहापट, अवस्था पाचशे कोटी पट. याला 'स्टेट एक्स्प्लोजन' म्हणतात आणि गेली चाळीसेक वर्षं हे क्षेत्र त्याच्याशीच झुंजतंय.

पहिला मोठा पलटवार ऐंशीच्या दशकाच्या शेवटी झाला. कल्पना अशी: अवस्था एकेक करून लिहायच्याच नाहीत, त्यांचं वर्णन लिहायचं. 'बी विंगमधल्या सम मजल्यांवरचे सगळे फ्लॅट' असं म्हटलं की ऐंशी नावांची यादी एका ओळीत मावते. रँडल ब्रायंट यांनी १९८६ मध्ये अशी वर्णनं आटोपशीर आकृतीत साठवायची युक्ती दिली, बीडीडी. क्लार्क यांचा विद्यार्थी केन मॅकमिलन याने ती मॉडेल चेकिंगला जोडली. १९९० मध्ये त्याच्यासह पाच जणांचा जो पेपर आला त्याच्या नावातच आकडा होता: १० चा २० वा घात, आणि त्यापलीकडे. आमच्यासारख्या वीस इमारती त्यात आरामात बसतात असं मात्र कुणी समजू नये. वर्णन छोटं होईल की नाही हे विषयावर अवलंबून. बेरजेचं सर्किट छान आटोपतं, गुणाकाराचं हाताबाहेर जातं.

दुसरी युक्ती 'सॅट'ची. प्रश्न कोड्याच्या रूपात मांडायचा: 'अशी काही मालिका आहे का, जिच्यात ५० पावलांच्या आत नियम मोडतो?' हो-नाही अशा हजारो, लाखो चलांचं एक अवाढव्य कोडं तयार होतं. अशी कोडी सरसकट झटपट सोडवणारी पद्धत कुणालाही सापडलेली नाही. पण १९९६ आणि २००१ मध्ये आलेल्या 'ग्रास्प' आणि 'चॅफ' या प्रोग्रॅमनी दाखवलं की व्यवहारात येणारी कोडी बऱ्याचदा सुटतात. चुकलेल्या वाटेवरून परत येताना हा प्रोग्रॅम 'का चुकलो' ते एका ओळीत लिहून ठेवतो आणि पुन्हा त्या गल्लीत शिरत नाही. माणसांना जमत नाही ते.

तिसरी युक्ती मला स्वतःला सर्वांत आवडते. आधी मुद्दाम ढोबळ नकाशा काढायचा, बारकावे गाळून. त्यावर नियम टिकला तर काम झालं. मोडला, तर सापडलेला रस्ता प्रत्यक्षात जाऊन बघायचा. खराच रस्ता असेल तर बग सापडला. पण कधी नकाशावर रस्ता दिसतो आणि प्रत्यक्षात तिथे नाला लागतो. मग नकाशात तेवढा नाला भरायचा आणि पुन्हा विचारायचं. क्लार्क, ग्रुम्बर्ग आणि सहकाऱ्यांनी हे २००० च्या 'कॅव्ह'मध्ये मांडलं. साधारण त्याच काळात मायक्रोसॉफ्टमध्ये थॉमस बॉल आणि श्रीराम राजमणी यांचं 'स्लॅम' हे साधन याच धाटणीने विंडोजचे ड्रायव्हर, म्हणजे जोडलेली यंत्रं चालवणारे छोटे प्रोग्रॅम, तपासू लागलं होतं. त्या काळी पीसी निळा पडून बंद व्हायचा त्यामागे बऱ्याचदा प्रिंटर नाहीतर मोडेमचा ड्रायव्हर असायचा. त्यातलं तपासणीचं साधन पुढे ड्रायव्हर लिहिणाऱ्यांच्या हातातच देण्यात आलं.

'माहीत नाही'ला शून्य गुण

सॉफ्टवेअरकडे वळलं की एक जुनी भिंत आडवी येते. कुठलाही प्रोग्रॅम दिला तरी तो थांबेल की नाही हे अचूक सांगणारा एकच प्रोग्रॅम असू शकत नाही, हे अ‍ॅलन ट्युरिंगने १९३६ मध्येच सिद्ध करून ठेवलंय. म्हणून या साधनांची उत्तरं तीन असतात: बरोबर आहे; चूक आहे, हे घ्या प्रतिउदाहरण; आणि, माहीत नाही.

सॉफ्टवेअर तपासणाऱ्या साधनांची दरवर्षी स्पर्धा होते, 'एसव्ही-कॉम्प'. ती 'टॅकास' या भावंड परिषदेत भरते, २०१२ पासून. तिचे गुण बघण्यासारखे आहेत. प्रोग्रॅम बरोबर आहे हे खरं सांगितलं तर २. खरी चूक दाखवली तर १. माहीत नाही म्हटलं तर ०. चूक नसताना चूक दाखवली तर वजा १६. आणि चूक असताना 'बरोबर आहे' म्हणून प्रमाणपत्र दिलं तर वजा ३२. आमच्या कंट्रोलरवाल्याला या गुणपत्रिकेत काय मिळालं असतं याचा हिशेब मी कमिटीच्या बैठकीत मांडणार होतो, बायकोने आवरलं. याच स्पर्धेत टीसीएसच्या पुण्यातल्या संशोधकांच्या 'व्हेरीअ‍ॅब्स' या साधनाने २०२० मध्ये सर्वांत मोठ्या गटांपैकी एकात पहिला क्रमांक मिळवला होता. पुण्याला हा विषय तसा परका नाही. 'एटीव्हीए' ही याच कुळातली परिषद २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये पुण्यातच झाली. त्याआधी २०१५ च्या जानेवारीत 'व्हीएमकाय' मुंबईत झाली होती, आणि आयआयटी मुंबईत या विषयावर कित्येक वर्षं काम चाललंय.

यातलं सर्वांत जास्त राबणारं साधन मात्र आपण रोज वापरतो आणि आपल्याला पत्ता नसतो. क्लाउडवर ठेवलेली फाइल कुणी उघडावी याचे नियम मोठ्या कंपन्यांत पानंच्या पानं असतात. 'या सगळ्या नियमांतून बाहेरच्या माणसाला वाट सापडते का?' हा प्रश्न पुन्हा 'सॅट'सारख्याच कोड्याचा, फक्त त्याच्या मोठ्या भावाचा, एसएमटीचा. २०२२ मध्ये हैफाला झालेल्या 'कॅव्ह'मध्ये अ‍ॅमेझॉनच्या नेहा रुंगटा यांनी सांगितलं की त्यांच्याकडे असे प्रश्न दिवसाला १०० कोटी सोडवले जातात. १९८९ मध्ये ज्यांच्या कामाला खेळणी म्हटलं जायचं, त्यांच्यापैकी काहींच्या हयातीतच हे झालं.

'तर'ची किंमत

आता त्या 'तर'कडे. २००९ मध्ये सिडनीच्या गटाने 'एसईएलफोर' या छोट्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याची संपूर्ण सिद्धता पुरी केली. सी भाषेतल्या सुमारे ८,७०० ओळींसाठी सिद्धतेच्या सुमारे दोन लाख ओळी. इथे सगळ्या अवस्था फिरून बघणं चालत नाही. माणूस सिद्धता रचतो आणि यंत्र तिची ओळ न ओळ तपासतं. काम अफाट आहे. पण त्यांनी पेपरात पहिल्यापासून स्पष्ट लिहिलं होतं की कंपायलर बरोबर आहे, हार्डवेअर बरोबर आहे, मशीन सुरू करणारा कोड बरोबर आहे, असं आम्ही धरलंय. मला हा प्रामाणिकपणा सिद्धतेइतकाच मोठा वाटतो. सिद्धता म्हणजे हमीपत्र, आणि हमीपत्राच्या अटी खाली बारीक अक्षरांत असतात. चांगले लोक त्या पहिल्या पानावर छापतात.

नियम लिहिणं हाही त्याच दुखण्याचा भाग. माझा सुधारलेला कंट्रोलर सगळ्या नियमांत पास झाला. मग मी त्याला एका छळवादी शक्यतेत सोडलं: खालच्या टाकीत बोटभर पाणी येतंय. मोटर लागली, पाणी संपलं, बंद झाली. पुन्हा बोटभर आलं, लागली, बंद झाली. दर मिनिटाला चालू-बंद. एकही नियम मोडला नाही आणि मोटर पुन्हा जळायच्या वाटेवर. मी मागितलं नव्हतं म्हणून मिळालं नाही. यंत्र तुमच्या मनातलं तपासत नाही, लिहिलेलं तपासतं.

इथे हवा होता तो नियम वेळेचा: एकदा बंद झाल्यावर दहा मिनिटं मोटर पुन्हा लागू नये. 'पुढचं पाऊल' आणि 'कधी ना कधी' यांच्या भाषेत दहा मिनिटं धड बसत नाहीत. त्यासाठी चौकोनांना घड्याळं जोडावी लागतात: बंद होताना घड्याळ शून्यावर आणायचं, आणि 'चालू'च्या बाणावर पाटी लावायची, घड्याळात दहा झाल्याशिवाय या वाटेने जायचं नाही. अडचण अशी की वेळ सलग वाहते, त्यामुळे अवस्था अनंत होतात. त्या फिरून बघायच्या कशा? राजीव अलूर आणि डेव्हिड डिल यांनी १९९० मध्ये दाखवलं की त्या अनंत वेळांचे मोजके गठ्ठे करता येतात, आणि एका गठ्ठ्यातल्या सगळ्या वेळा नियमाच्या नजरेत सारख्याच असतात. २००८ मध्ये 'कॅव्ह'ने स्वतःचं पारितोषिक सुरू केलं तेव्हा पहिलं या दोघांना दिलं. अलूर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकवतात. त्यांचा जन्म पुण्याचा.

दहा मिनिटांची ओळ घालून मी कागद सेक्रेटरींना दिला. त्यांनी तो कंट्रोलरवाल्याला दिला, त्याने चार दिवसांत बदल करून आणला. आणि हो, या वेळी मी त्याला मोटर चालू असताना खालची टाकी उपसायला लावली. बंद झाली. पुन्हा पाणी सोडलं, दहा मिनिटं घड्याळ लावून बसलो, मग लागली. चहा झाला.

परवा सकाळी फिरायला निघालो तर पंपाच्या खोलीतून मोटरचा तोच किरकिरा आवाज. आत वॉचमन काका. कंट्रोलरच्या शेजारी एक जुना लोखंडी स्विच आहे, थेट मोटरला जोडलेला, कंट्रोलरला वळसा घालून. माझ्या बारा चौकोनांत तो कुठेच नव्हता. "सहाव्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या पाणी बारीक येतंय," काका म्हणाले, "म्हटलं जरा हाताने मारून देऊ."

म्हणजे आता चौकोन चोवीस.